नव्या जीपीचा पगार कोणी द्यायचा?



इंग्लंडमध्ये संसार मांडलेल्या कोणत्याही मराठी घरात जीपीचा विषय काढा आणि गंमत बघा. सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, रांगेतला आपला नंबर ऐकत बसायचे आणि शेवटी ‘आजच्या सगळ्या अपॉइंटमेंट्स संपल्या, उद्या आठला फोन करा’ हे गोड आवाजातले उत्तर घेऊन कामाला लागायचे, हा अनुभव बहुतेकांच्या पदरी आहे. डॉक्टर कमी आहेत, हे आपण आता गृहीतच धरले आहे.

आणि तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात एक वेगळीच बातमी कानावर येऊ लागली. कुणाची मुलगी, कुणाचा भाचा, कुणाचा जावई जीपीचे प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडला होता आणि त्याला काम मिळत नव्हते! ‘डॉक्टर आणि बेकार?’ असे पुण्याहून आलेल्या आजीने विचारले तर तिचे काय चुकले? पण गोष्ट खरी होती. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन आणि रॉयल कॉलेज ऑफ जीपीज या दोन्ही संस्था त्या वर्षी हेच सांगत होत्या. रुग्णाला डॉक्टर मिळत नाही आणि डॉक्टरला नोकरी मिळत नाही, असे दोन्ही एकाच वेळी, एकाच गावात!

हे कोडे सुटते ते पैशांची वाट पाहिली की. म्हणून या वेळी आम्ही ठरवले, की १ ऑगस्ट २०२४ रोजी सरकारने जाहीर केलेल्या ८ कोटी २० लाख पौंडांची गोष्ट जरा सविस्तर सांगावी. त्या पैशातून एक हजार नव्या जीपींना नोकरी द्यायची होती. आमच्यात डॉक्टर आहेत तसे निव्वळ रुग्णही आहेत, तेव्हा भाषा सोपी ठेवतो. एक आधीच सांगायला हवे. हा सगळा हिशेब फक्त इंग्लंडचा आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये जीपींचे करार वेगळे, पैशांच्या वाटाही वेगळ्या. ग्लासगो-कार्डिफच्या वाचकांनी शेजारच्या घरची गोष्ट म्हणून वाचावी.

सर्जरी कोणाची?

आपल्यापैकी अनेकांना वाटते, की बाहेर एनएचएसची निळी पाटी आहे म्हणजे आतले डॉक्टर सरकारी नोकर असणार. तसे नाही. ५ जुलै १९४८ ला एनएचएस सुरू झाली तेव्हा इस्पितळे सरकारच्या ताब्यात आली, पण जीपींनी नोकर व्हायला नकार दिला. ते स्वतंत्र कंत्राटदार राहिले आणि बहुतेक सर्जऱ्या आजही तशाच चालतात. दोन-चार-सहा जीपी भागीदारीत सर्जरी चालवतात, त्यांना म्हणायचे पार्टनर. रिसेप्शनिस्टचा पगार, नर्सचा पगार, विजेचे बिल, जागेचा खर्च हे सगळे त्यांनी बघायचे. उरेल ती त्यांची कमाई. दुसऱ्या प्रकारचे जीपी त्यांच्याकडे पगारावर असतात. तिसरे लोकम, म्हणजे गरज पडेल तेव्हा दिवसाच्या बोलीवर येणारे.

सर्जरीला एनएचएसकडून मुख्य रक्कम मिळते ती नोंदलेल्या रुग्णांच्या संख्येवर. आपण वर्षात एकदा गेलो काय आणि वीस वेळा गेलो काय, रक्कम तीच. वय, आजारपण, परिसर वगैरे बघून तिचे वजन थोडे कमीजास्त करतात. २०२४-२५ मध्ये ही रक्कम वर्षाला दर रुग्णामागे ११२ पौंड ५० पेन्स होती. भागाकार करून बघा, दिवसाला ३१ पेन्स! वेम्बलीत या पैशात समोसा मिळत नाही. (सर्जरीला इतरही काही रक्कम मिळते, मधुमेह-रक्तदाबाची देखरेख नीट केली तर त्याचे वेगळे पैसे असतात. पण कणा हाच.)

म्हणजे एखाद्या सर्जरीला नवा जीपी हवा असेल तर त्याचा पगार या रकमेतून काढायचा. महागाई वाढली, कर्मचाऱ्यांचे पगार वाढले आणि रक्कम त्या मानाने वाढली नाही, तर पार्टनर काय करतील? कुणी सोडून गेला की ती जागा भरणार नाहीत. आधी लोकमचे दिवस कमी करतील. नेमके हेच घडले. बाहेर रुग्णांची रांग, आत रिकामी खोली आणि खोलीत बसवायला पैसे नाहीत.

रांग का वाढली तेही आकड्यांत बघू. इंग्लंडमध्ये २०१५ च्या सप्टेंबरात पूर्ण प्रशिक्षित जीपींची संख्या, अर्धवेळवाल्यांची बेरीज करून पूर्णवेळच्या हिशेबाने, सुमारे २९,४०० होती. २०२४ मध्ये ती २८ हजारांच्या आसपास होती. याच काळात सर्जऱ्यांत नोंदलेले रुग्ण पावणेसहा कोटींच्या घरातून सव्वासहा कोटींच्या पुढे गेले. मधल्या काळात आश्वासने पुष्कळ झाली. २०१५ मध्ये आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी २०२० पर्यंत पाच हजार डॉक्टर वाढवण्याचे सांगितले. २०१९ च्या निवडणुकीत कॉन्झर्वेटिव्ह पक्षाने सहा हजार जीपी वाढवण्याचे वचन दिले आणि २०२१ च्या नोव्हेंबरात त्यांच्याच आरोग्यमंत्र्यांनी, साजिद जाविद यांनी, ते जमेल असे वाटत नाही हे कबूल केले.

भाजी आणा, तांदूळ नको

आता मुख्य गाठीकडे येऊ. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये शेजारशेजारच्या सर्जऱ्यांचे गट बांधले गेले. त्यांना म्हणतात प्रायमरी केअर नेटवर्क. एका गटात साधारण ३० ते ५० हजार रुग्ण, आणि देशभर असे साडेबाराशेच्या आसपास गट. या गटांना माणसे नेमायला वेगळे पैसे मिळू लागले. योजनेचे नाव लांबलचक आहे, अ‍ॅडिशनल रोल्स रिइम्बर्समेंट स्कीम. सगळे तिला एआरआरएस म्हणतात. माणूस तुम्ही नेमा, पगाराची भरपाई आम्ही करतो, अशी कल्पना. सुरुवातीला बऱ्याच जागांना ७० टक्के पगार मिळायचा, २०२० पासून पूर्ण मिळू लागला.

पण कोणाला नेमायचे याची यादी ठरलेली होती. फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट, पॅरामेडिक, फिजिशियन असोसिएट, एकटेपणा किंवा घराच्या अडचणी असलेल्यांना योग्य ठिकाणी जोडून देणारे सोशल प्रिस्क्रायबर... यादी वाढत गेली. तीत जीपी मात्र नव्हता!

घरातले उदाहरण द्यायचे तर असे. सासूबाईंनी महिन्याच्या वाणसामानाला भरपूर पैसे दिले, पण अट घातली, की यातून भाजी आणा, फळे आणा, दही आणा, लोणचे आणा. तांदूळ मात्र नाही. तांदूळ तुमच्या पाकिटातून. पाकीट तर रिकामे होत आलेले. टेबलावर चार प्रकारची लोणची आणि भाताचे पातेले रिकामे!

सासूबाई, म्हणजे सरकार, अगदीच वेडे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्या वेळचा विचार असा होता, की जीपी बाजारात मिळतच नाहीत, त्यांना तयार व्हायला दहा वर्षे लागतात, तोवर बाकीची माणसे घ्या आणि जीपीच्या डोक्यावरचा भार हलका करा. यात तथ्य होते. आपल्या लोकांत मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी. औषधांची यादी घेऊन फार्मासिस्टसमोर शांतपणे वीस मिनिटे बसायला मिळते, हा अनेकांचा चांगला अनुभव आहे. पाठदुखीला थेट फिजिओ मिळाला तर जीपीकडे जायचे कामच काय? २०२४ च्या मार्चपर्यंत २६ हजार माणसे नेमण्याचे लक्ष्य होते आणि ते मुदतीआधीच गाठले गेले. या एका योजनेवर वर्षाला एक अब्ज पौंडांहून जास्त खर्च होऊ लागला.

अडचण अशी, की त्याच काळात जीपीच्या प्रशिक्षणाच्या जागाही वाढवल्या. वर्षाला चार हजार जागांपर्यंत मजल गेली, आणि जून २०२३ च्या मनुष्यबळ आराखड्यात २०३१ पर्यंत सहा हजारांचे लक्ष्य ठेवले. एका हाताने नळ मोठा केला आणि दुसऱ्या हाताने खालची बादली काढून घेतली. प्रशिक्षण संपवून बाहेर पडलेल्या मुलामुलींना सर्जऱ्या म्हणत, तुम्ही हव्या आहात, पण तुमच्या पगाराला पैसे नाहीत. फार्मासिस्ट घेतला तर मात्र फुकट पडतो. यात फार्मासिस्टचा दोष नाही आणि पार्टनरचाही नाही, हे इथे मुद्दाम लिहितो, कारण रिसेप्शनच्या खिडकीपाशी राग भलत्यावरच निघतो.

ही युक्ती तशी जुनीच. १९६५ मध्ये जीपी एवढे वैतागले होते, की हजारोंनी तारीख न घातलेले राजीनामे लिहून ठेवले. त्या वेळचे आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन स्वतः एका जीपीचे चिरंजीव. वाटाघाटी होऊन १९६६ चा करार झाला आणि त्यात सर्जरीतल्या मदतनिसांच्या, म्हणजे नर्स-रिसेप्शनिस्टच्या, पगाराचे ७० टक्के सरकारने द्यायचे ठरले. शिवाय जागेचे भाडे. त्याआधी कित्येक डॉक्टर घरच्या पुढच्या खोलीत दवाखाना चालवत आणि फोन घ्यायचे काम त्यांच्या पत्नीच्या गळ्यात असे. त्या पैशाने जनरल प्रॅक्टिसचा चेहरा बदलला. मोठ्या सर्जऱ्या, नर्सची वेगळी खोली, ही आपल्या ओळखीची रचना तिथून वाढली.

नंतरच्या वर्षांत त्या रचनेत जाऊन बसलेल्यांत आपले लोक किती होते! साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांत भारतातून आलेले डॉक्टर इस्पितळात वरच्या जागा मिळत नाहीत म्हणून जनरल प्रॅक्टिसकडे वळले, आणि तिथेही त्यांच्या वाट्याला आल्या त्या इतरांना नको असलेल्या जागा. मोठ्या शहरांतले गरीब भाग, मिडलंड्स आणि उत्तरेतली कारखान्यांची गावे, दक्षिण वेल्समधली कोळसाखाणींची खोरी. अनेकांनी एकट्याने सर्जरी चालवली, तीस-तीस वर्षे. मुंबई-पुणे-नागपूरच्या मेडिकल कॉलेजांतून आलेले काका-मावशी त्यांत होते. ती पिढी निवृत्त झाली, त्यांच्या कित्येक सर्जऱ्या बंद झाल्या किंवा मोठ्या सर्जऱ्यांत विलीन झाल्या. त्यांच्या खुर्चीत बसायला पुढची पिढी तयार असताना खुर्चीचे पैसे नसावेत, हे आम्हाला जरा जास्तच लागले हे खरे.

आठ कोटी वीस लाख

जुलै २०२४ मध्ये लेबर सरकार आले, वेस स्ट्रीटिंग आरोग्यमंत्री झाले आणि १ ऑगस्टला घोषणा झाली, की त्याच योजनेत आता नवे जीपीही बसतील. ८ कोटी २० लाख पौंड, एक हजारांहून जास्त डॉक्टर, १ ऑक्टोबर २०२४ पासून. योगायोग असा, की त्याच १ ऑगस्टला जीपींनी कराराच्या निषेधार्थ सामूहिक कारवाई सुरू केली. म्हणजे अक्षता आणि भांडण एकाच मुहूर्तावर.

अटी वाचण्यासारख्या आहेत. प्रशिक्षण पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळून दोन वर्षांहून जास्त काळ लोटलेला नको. आधी कुठल्याही सर्जरीत जीपी म्हणून कायम स्वरूपाची नोकरी केलेली नको. नेमणूक नेटवर्कच्या पैशातून. परतफेडीत पगार धरला होता वर्षाला जास्तीत जास्त ७३,११३ पौंड, त्यावर नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनचा मालकाचा वाटा वेगळा. पगारी जीपींसाठी त्या वर्षी जी श्रेणी सुचवलेली होती तिची ही सगळ्यात खालची पायरी, वरची पायरी १ लाख १० हजारांच्या पुढे. देशाच्या सर्वसाधारण पगाराशी तुलना केली तर रक्कम मोठीच आहे, नाही कशाला म्हणा! पण पाच वर्षे मेडिकल कॉलेज, दोन वर्षे फाउंडेशन, तीन वर्षे जीपीचे प्रशिक्षण आणि डोक्यावर विद्यार्थीकर्ज, हे शेजारी ठेवून मग तिच्याकडे बघावे.

आता जरा बेरीज-वजाबाकी करू. एक हजार डॉक्टर आणि साडेबाराशे नेटवर्क. म्हणजे एका नेटवर्कला पुरता एकही नाही. एका नेटवर्कमध्ये सरासरी पाच सर्जऱ्या. पूर्णवेळ जीपीचा आठवडा नऊ सत्रांचा असतो, एक सत्र म्हणजे साधारण अर्धा दिवस. ती नऊ सत्रे पाच सर्जऱ्यांत वाटली तर प्रत्येकीला दोनसुद्धा येत नाहीत. काही नेटवर्कनी असे वाटप केले, काहींनी शहाणपणाने नव्या डॉक्टरला एकाच सर्जरीत बसवले. कागदावर दोन्ही ठिकाणी ‘एक नवा जीपी’च दिसतो. रुग्णाला मात्र फरक जाणवतो, आणि त्या नव्या डॉक्टरला तर फारच. नुकताच शिकून आलेला डॉक्टर सोमवारी एका सर्जरीत, मंगळवारी दुसरीत. शंका आली तर विचारायचे कोणाला? चहा कोणाबरोबर प्यायचा? पहिली दोन वर्षे नव्या जीपींना मार्गदर्शन देणारी जी फेलोशिप होती, ती मार्च २०२४ अखेर बंद झाली होती, हेही लक्षात घ्या.

दुसरी खोच मुदतीची. पहिली घोषणा फक्त मार्च २०२५ पर्यंतच्या पैशांची होती. सहा महिन्यांपुढची खात्री नसताना कायमची नोकरी कोण देणार? त्यामुळे सुरुवातीच्या बऱ्याच जाहिराती मुदतीच्या करारांच्या होत्या. घर भाड्याने घ्यायला गेले तरी वर्षाचा करार मागतात, गृहकर्जाचे तर बोलायलाच नको.

तरीही योजना चालली, हे मान्य केले पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये सरकारने दीड हजारांहून जास्त जीपी नेमले गेल्याचे सांगितले, म्हणजे लक्ष्याच्या दीडपट. माणसे नव्हती हा समज किती खोटा होता याचा याहून चांगला पुरावा कोणता? पैशाचे दार उघडले आणि सहा महिन्यांत दीड हजार डॉक्टर आत आले. ते सगळे आधीपासून दाराबाहेरच उभे होते.

फेब्रुवारी २०२५ अखेर सरकार आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशन यांच्यात २०२५-२६ चा करार ठरला. त्यात ८८ कोटी ९० लाख पौंडांची भर पडली. दर रुग्णामागची रक्कम १२१ पौंड ७९ पेन्स झाली. नव्या जीपीच्या परतफेडीतला पगार ८२,४१८ पौंडांवर गेला. आणि महत्त्वाचे म्हणजे जीपींचे वेगळे गाठोडे मोडून योजनेचा सगळा पैसा एकत्र केला, कोणत्या प्रकारची किती माणसे घ्यायची हे ठरवण्यात नेटवर्कना मोकळीक दिली, प्रॅक्टिस नर्सही त्यात बसवल्या. एकूण, तांदूळ यादीत आला. पण त्याच एप्रिलपासून मालकांच्या नॅशनल इन्शुरन्सचा दर १३.८ वरून १५ टक्के झाला आणि त्यातून जीपींच्या सर्जऱ्यांना सूट मिळाली नाही. एका खिशात घातले, दुसऱ्यातून थोडे काढले... असो.

दुसरीही एक विचित्र गोष्ट घडली. तीन-चार वर्षे अनुभव असलेला, लोकमचे काम आटलेला जीपी या अटींत बसत नव्हता. दोन वर्षांच्या रेषेच्या अलीकडचा फुकट, पलीकडचा स्वतःच्या खर्चाने. मुले सांभाळून लोकम करणाऱ्या कितीतरी आया-डॉक्टर त्या रेषेपलीकडे राहिल्या. नव्यांना काम मिळाले याचा आनंद आहेच, पण रांगेत पुढे उभे असलेल्यांना ओलांडून ते मिळाले.

व्हिसाची टांगती तलवार

आता जो भाग आपल्या घरांना सगळ्यात जवळचा, तो. जीपीचे प्रशिक्षण घेणाऱ्यांत परदेशातून पदवी घेऊन आलेल्यांचा वाटा मोठा आहे, आणि त्यात आपल्याकडून एमबीबीएस करून, प्लॅबची परीक्षा देऊन आलेली मुलेही आहेत. ती स्किल्ड वर्कर व्हिसावर असतात. या व्हिसावर कायम राहण्याचा परवाना मागायला पाच वर्षे लागत, आणि जीपीचे प्रशिक्षण तीन वर्षांत संपते. सर्जन किंवा फिजिशियन होणाऱ्याचे प्रशिक्षण याहून लांब असल्याने त्याला ही अडचण येत नाही. जीपीला मात्र प्रशिक्षण संपताच व्हिसासाठी नवा प्रायोजक लागतो, म्हणजे अशी सर्जरी जिच्याकडे गृहखात्याचा प्रायोजक परवाना आहे. सगळ्या सर्जऱ्यांकडे तो नसतो. पाच-सहा जणांच्या लहान सर्जरीला त्या कागदपत्रांचा धसका असतो, आणि खर्चही.

नेटवर्कच्या नोकरीत आणखी एक गोम आहे. नेटवर्क ही बहुतेक ठिकाणी कायद्याने स्वतंत्र संस्था नसते, तो सर्जऱ्यांमधला करार असतो. त्यामुळे नेमणूकपत्र देणार कोण, गटातली मुख्य सर्जरी की जीपींनी मिळून काढलेली कंपनी, आणि तिच्याकडे प्रायोजक परवाना आहे का, हे मुलाखतीच्या आधी विचारावे. मुलाखतीत विचारायला आपल्या मुलांना संकोच वाटतो. वाटू देऊ नये. कराराची मुदत व्हिसाच्या मुदतीला पुरते का, हेही त्याच दमात विचारून घ्यावे. २०२५ च्या मे महिन्यात सरकारने कायम परवान्याची पाच वर्षांची सर्वसाधारण अट दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला. या बाबतीत नियम हलत असतात, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मावसभावापेक्षा गृहखात्याचे ताजे पान आणि गरज पडल्यास नोंदणीकृत सल्लागार, हेच बरे.

डॉक्टरकाका कुठे गेले?

आपल्या पिढीच्या मनात ‘फॅमिली डॉक्टर’ म्हटले की एक चित्र असते. दादर किंवा सदाशिव पेठेतला दवाखाना, कंपाउंडरने कागदाची पट्टी चिकटवून दिलेली लाल औषधाची बाटली आणि ‘काय रे, परीक्षा आली वाटते, पोट दुखायला लागले?’ असे विचारणारे डॉक्टरकाका. त्यांना घरातल्या तीन पिढ्यांची नाडी माहीत असे. हे नुसते गतकाळाचे गोडवे नाहीत, त्याला आता आकड्यांचा आधार आहे. २०२१ मध्ये नॉर्वेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच जीपीकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ असलेल्यांची तुलना त्यांनी वर्षभर किंवा त्याहून कमी काळ असलेल्यांशी केली. रात्री-अपरात्रीच्या सेवेचा वापर सुमारे ३० टक्के कमी, तातडीने इस्पितळात दाखल होणे २८ टक्के कमी आणि मृत्यूची शक्यता २५ टक्के कमी आढळली. कोणत्याही गोळीबद्दल असा निष्कर्ष निघाला असता तर बातम्यांत झळकला असता.

म्हणूनच हजार डॉक्टर आले की दीड हजार, यापेक्षा आम्हाला ते किती वर्षे एका जागी टिकतील याची जास्त काळजी वाटते. योजनेचा पैसा वर्षागणिक ठरणार, नेमणूक नेटवर्कची, पगार खालच्या पायरीवर, अशा नोकरीतला तरुण डॉक्टर दोन वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या जाहिराती वाचू लागला तर दोष कोणाला द्यायचा? हाच पैसा थेट दर रुग्णामागच्या रकमेत घातला असता तर सर्जऱ्यांनी कायमच्या नेमणुका केल्या असत्या, असे बरेच पार्टनर म्हणतात आणि आम्हालाही ते पटते. सरकारची भीती अशी, की तसे केले तर पैसा नेमका डॉक्टरवरच खर्च होईल याची हमी नाही. भीती अगदी निराधार नाही, पण नव्या डॉक्टरच्या अस्थिर नोकरीच्या रूपात तिची किंमत चुकवावी लागते.

आता आपण रुग्णांनी काय करायचे? सर्जरीत नवा डॉक्टर आला असेल तर त्याचे नाव विचारून घ्या, आणि जुन्या दुखण्यासाठी पुन्हा त्यांच्याकडेच वेळ मागा. इंग्लंडमध्ये २०१५ पासून प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे एक जबाबदार जीपी नेमलेला असतो. आपला कोण, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. रिसेप्शनवर विचारले की सांगतात. ‘दोन आठवडे थांबायची तयारी आहे, पण हेच डॉक्टर हवेत’ असे म्हटले तर बहुतेक ठिकाणी सोय होते. आईवडिलांबरोबर जाताना समोरची व्यक्ती जीपी आहे, फार्मासिस्ट आहे की फिजिशियन असोसिएट, हे सरळ विचारावे, त्यात उद्धटपणा नाही. (फिजिशियन असोसिएटना ‘फिजिशियन असिस्टंट’ म्हणावे आणि निदान न झालेल्या नव्या रुग्णांना त्यांनी एकट्याने तपासू नये, अशी शिफारस जुलै २०२५ च्या लेंग अहवालात झाली.)

आणि एक मार्ग आपले लोक जवळजवळ वापरतच नाहीत. इंग्लंडमधल्या प्रत्येक सर्जरीला रुग्णांचा गट चालवावाच लागतो, त्याला पेशंट पार्टिसिपेशन ग्रुप म्हणतात. वर्षातून काही बैठका होतात, चहा-बिस्किटे असतात, आणि बहुतेक वेळा तेच ते सात-आठ चेहरे. तिथे जाऊन विचारता येते, की आपल्या नेटवर्कने या योजनेत किती जीपी घेतले, ते आपल्या सर्जरीत आठवड्याला किती सत्रे बसतात आणि त्यांचा करार कधी संपतो. गणपतीच्या वर्गणीचा पै न् पै हिशेब मागणाऱ्या आपल्या मंडळींना हे जड जाऊ नये! नाव नोंदवण्यासाठी सर्जरीच्या रिसेप्शनवर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर विचारा. बैठका सहसा संध्याकाळी असतात.